बोलतो तो कोण?

अर्धवटराव बोलू लागला की समोरचं मूल आधी त्याच्या तोंडाकडे पाहतं, मग चोरून रामदास पाध्ये यांच्या ओठांकडे. ते हलत नाहीत. दोन-तीनदा अशी खातरजमा झाली की मूल तो नाद सोडतं आणि थेट अर्धवटरावालाच प्रश्न विचारतं. आवाज कुणाचा हे त्याला कळलेलं असतं, तरी उत्तर मात्र बाहुल्याकडूनच हवं असतं.

यशवंत केशव पाध्ये यांनी घडवलेल्या या बाहुल्याने शंभरी ओलांडली आहे. १९६७ मध्ये तो मुलाच्या, रामदासांच्या हाती आला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे छोट्या पडद्याने अर्धवटरावाला आणि त्याची बायको आवडाबाईला घराघरांत नेलं. आता तिसऱ्या पिढीतले सत्यजित पाध्येही हीच कला करतात. माणसं बदलली, अर्धवटराव तोच राहिला.

या कलेला मराठीत शब्दभ्रम म्हणतात. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय नीट निघत नाहीत. शब्दभ्रमकार ती जिभेच्या कसरतीने निभावून नेतो. उरलेलं काम प्रेक्षकाचे डोळे करतात. जे तोंड हलतं, आवाज तिथूनच आला असं ते ठरवून टाकतात.

पण हा खरोखर भ्रम आहे का? वेदान्त्यांचा आवडता दृष्टान्त दोरी आणि सापाचा. अंधारात दोरीला साप समजून माणूस दचकतो; दिवा आणला की साप नाहीसा होतो. ज्ञान झालं की भ्रम संपला पाहिजे, ही कसोटी. अर्धवटराव या कसोटीला उतरत नाही. दिवा लावा, युक्ती समजावून सांगा, आतली कळ उघडून दाखवा; पुढच्याच वाक्याला तो पुन्हा जिवंत होतो. ज्ञानाने जे पुसलं जात नाही, त्याला फसवणूक म्हणणं अन्यायाचं आहे.

पेणमध्ये ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. पेण शहरात, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत गणपती साच्यातून निघतात, वाळतात, रंगतात. सगळ्यात नाजूक काम डोळ्यांच्या आखणीचं. ती झाली की मूर्ती पाहू लागल्यासारखी वाटते, पण कारखान्यात ती अजून मातीच असते. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला कुणाच्या तरी घरी प्राणप्रतिष्ठा होते, तेव्हा ती देव होते. विसर्जनाआधी उत्तरपूजा झाली की तिला जागची जराशी हलवतात आणि देवाला निरोप देतात. माती आहे हे घडवणाऱ्याला ठाऊक, आणणाऱ्याला ठाऊक, बुडवणाऱ्यालाही ठाऊक. तरी निरोप देताना डोळे भरून येतात. इथे ज्ञान आणि भाव भांडत नाहीत, शेजारी नांदतात.

रोह्याकडे गेलं की हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा राहतो. १९ ऑक्टोबर १९२० रोजी रोह्यात जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी उभारलेल्या स्वाध्याय चळवळीचा गाभा म्हणजे प्रत्येकाच्या हृदयात वसलेला ईश्वर. आधार गीतेचा. त्याच गीतेच्या अठराव्या अध्यायातला एकसष्टावा श्लोक सांगतो की, हृदयातला ईश्वर सर्व भूतांना यंत्रावर बसवल्याप्रमाणे मायेने फिरवतो. मग माणूसही बाहुलाच झाला. दोरी दुसऱ्याच्या हाती असेल तर पाप-पुण्याचा हिशेब कुणाच्या नावावर मांडायचा?

पुढे दोनच श्लोकांनी, त्रेसष्टाव्यात, कृष्ण अर्जुनाला म्हणतो की, सांगितलं त्याचा पुरता विचार कर आणि तुला हवं तसं कर. सूत्रधारच बाहुल्याला मोकळीक देतो! भाष्यकारांनी या दोन श्लोकांचा मेळ आपापल्या परीने घातला. अर्धवटराव तो रोजच्या खेळात घालतो. त्याची सगळी गंमत उलट बोलण्यात आहे. ज्याच्या हातावर तो बोलतो त्याचीच तो फिरकी घेतो, त्यालाच गप्प करतो. गळा एक, मतं दोन. होयबा बाहुला कुणालाही आवडला नसता.

रामदास पाध्यांच्याच हातून तात्या विंचू हा बाहुलाही घडला. १९९३ च्या ‘झपाटलेला’त मरता मरता गुंड मंत्राच्या बळावर बाहुल्यात शिरतो. तिथे बोलवणारा शेजारी बसलेला नाही, दोरी कुणाच्याच हाती नाही. एक पिढी त्या बाहुल्याला घाबरत वाढली. बाहुला बोलतो म्हणून ती घाबरली नव्हती. तो एकटाच बोलतो, म्हणून घाबरली होती.

तेव्हा घरातल्या लहानग्याने ‘तो खरंच बोलतो का?’ असं विचारलं, तर ‘छे, लाकूड आहे ते’ म्हणून त्याला उडवून लावू नका. गणपतीच्या आधी एखाद्या दिवशी त्याला पेणला घेऊन जा, आखणी करणाऱ्या कारागिराजवळ बसवा आणि डोळे उमटताना पाहू द्या.