बंद खोक्यातलं खेळणं

लेगो या डॅनिश कंपनीने २०२० पासून आपल्या काही संचांवर ‘१८+’ असा वयोगट ठळकपणे छापायला सुरुवात केली. त्याआधी, २००८ साली, तिने ताजमहालचा संच काढला होता. त्यात ५,९२२ तुकडे होते. हे तुकडे वाट्यांत निवडून, रात्रीची जेवणं आटोपल्यावर मिनार उभे करत बसणाऱ्याला गृहकर्जाचे हप्ते असतात, सकाळी रक्तदाबाची गोळी असते. आणि घरी पाहुणे आले की तो ओशाळतो. ‘यानं डोकं शांत होतं हो,’ म्हणतो. नाहीतर, ‘पुढे याला चांगली किंमत येते.’

पहिली सबब फार जुनी आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या शेवटच्या भागात खेळाला विश्रांतीच्या पंक्तीला बसवलं. विश्रांती घ्यायची ती पुन्हा कामाला लागण्यासाठी. खेळासाठी कष्ट उपसणं त्याला पोरकट वाटलं. ‘स्ट्रेस जातो’ हे त्याचंच आजचं रूप. खेळणाऱ्यानं खेळाबाहेरचं काहीतरी कारण दाखवलंच पाहिजे, अशी यात अट आहे. दुसऱ्या सबबीत तर खेळणं म्हणजे मुदत ठेव.

भारतीय तत्त्वज्ञानाने हाच जाब थेट ईश्वराला विचारला. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातला आक्षेप असा: हेतू असल्याशिवाय कुणी काही करत नाही, ब्रह्माला तर काहीच उणं नाही, मग त्यानं जग कशाला निर्माण करावं? सूत्रकार बादरायणांचं उत्तर आहे, निव्वळ लीला म्हणून. शंकराचार्य भाष्यात दाखला देतात तो सगळ्या इच्छा पुरलेल्या राजाचा. त्याला काही मिळवायचं उरलेलं नाही, तरी तो खेळतो. दुसरा दाखला श्वासाचा; तोही हेतू ठरवून कुणी घेत नाही. सृष्टीची ही सगळी कथा आचार्य परमार्थाच्या पातळीवर खरी मानत नाहीत, हे खरं. तरीही पूर्णत्वाला शोभेल असं मानवी कृत्य शोधताना त्यांना राज्यकारभार किंवा यज्ञ न आठवता खेळ आठवला, ही गोष्ट फार मोलाची आहे.

महाराष्ट्रात ही गोष्ट पंडितांच्या वादापुरती राहिली नाही. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हुतूतू, हमामा, फुगडी, टिपरी यांवर अभंग आहेत. वारीच्या वाटेवर साठी उलटलेल्या बायका पदर खोचून फुगडी घालतात. हात घट्ट धरलेले, पावलं एकमेकींना टेकलेली, कपाळावरचा बुक्का घामाने ओघळलेला. या वयात हे काय, असं तिथे कुणी विचारत नाही.

यावर कुणी म्हणेल, ती फुगडी विठोबासाठी आहे. ताजमहालचे ठोकळे बाजारासाठी. फरक आहेच. पण भक्तीने खेळण्यांनाही दूर ठेवलेलं नाही. पुष्टिमार्गी वैष्णवांच्या हवेलीत, म्हणजे मंदिरात, बालकृष्णासमोर चौपट, भोवरे, गाईंची खेळणी मांडली जातात, आणि ती मांडणारे हात प्रौढांचे असतात. दक्षिणेश्वरला आलेल्या जटाधारी साधूजवळ रामलल्लाची छोटी धातूची मूर्ती होती. रामकृष्ण परमहंसांना तीत जिवंत मूल दिसे. ते त्याच्याशी खेळत, हट्ट केला तर रागावत. साधूने जाताना ती त्यांच्यापाशीच ठेवली. भक्ताच्या लेखी मूर्ती म्हणजे खेळणं नव्हे, आणि तसं म्हणूही नये. मात्र लहानशा वस्तूला मनापासून सांभाळण्याची जी वृत्ती इथे लागते, तिला पोरकटपणा म्हणून झटकून टाकता येत नाही.

खेळण्यात रमणारा माणूस जगाकडे पाठ फिरवतो, हा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्याला उत्तर म्हणून एच. जी. वेल्सचं उदाहरण पुरेसं आहे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या या लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक काढलं, शिशाच्या सैनिकांशी जमिनीवर कसं खेळायचं ते सांगणारं. स्प्रिंगच्या छोट्या तोफेतून इंचभर लाकडी गोळी सुटे आणि सैनिक आडवा होई. हालचालींना वेळ ठरलेली, कैदी पकडण्याचे नियम ठरलेले. आणि याच पुस्तकाच्या शेवटी वेल्स सांगतो की हा खेळ तीन-चार वेळा खेळलेल्याला खरं युद्ध किती भोंगळ आणि राक्षसी असतं ते कळून चुकेल. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. ते सुरू करणारे सगळे गंभीर, पोक्त गृहस्थ होते.

चिंता करावी अशी गोष्ट दुसरीच आहे. संग्राहकांच्या बाजारात न उघडलेल्या खोक्याला जास्त भाव मिळतो. त्यामुळे आतली बाहुली किंवा मोटार कधी कुणाच्या हातातच येत नाही. मोटारीची चाकं फिरत नाहीत. योगशास्त्राने यमांत अपरिग्रह सांगितला तो अशाच साठवणीला आळा घालण्यासाठी. पितळी भातुकलीतलं जातं, खलबत्ता, बंब, शेगडी हौसेने जमवणाऱ्या मोठ्या माणसांवर टीका करायचं काही कारण नाही. फक्त सुट्टीत भाची घरी आली की ते कपाट उघडतं की त्याला कुलूप लागतं, एवढं पाहावं. कुलूप लागत असेल, तर त्या घरात भातुकली आहे पण खेळ नाही. कपाट उघडत असेल आणि मावशीही तिच्यासोबत जमिनीवर बसून बोटभर जात्यावर तांदळाचे चार दाणे भरडत असेल, तर पाहुण्यांसमोर ओशाळण्यासारखं तिनं काहीही केलेलं नाही.