सुखाची मोजपट्टी

गणरायाला आपण सुखकर्ता म्हणतो. त्याच्या उत्सवात एक प्रश्न मनात येतो. सुख मोजता येते का? आणि कौन्सिलने ते मोजावे का?

ब्रिटनमध्ये हा प्रयत्न गंभीरपणे चालू आहे. २०११ पासून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय लोकांना चार प्रश्न विचारत आले आहे. आयुष्याबद्दल किती समाधान आहे? आपण करतो ते सार्थ वाटते का? काल किती आनंदी होता? काल किती चिंता वाटली? उत्तर ० ते १० मध्ये द्यायचे. त्यावरून प्रत्येक कौन्सिलच्या भागाचे आकडे काढले जातात. ब्रिस्टल शहर तर २००१ पासून स्वतःची वेगळी पाहणी करते.

मला यातला दुसरा प्रश्न मोलाचा वाटतो. कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला फरक सांगतो. कालचा आनंद हे प्रेय, सार्थकता हे श्रेय. आजारी आईची सेवा करणारी मुलगी आनंदाला ४ गुण देईल, पण सार्थकतेला ९ देईल. दोन्हींची सरासरी काढली तर तिची खरी गरज, म्हणजे थोडी विश्रांती, दिसणारच नाही.

आपल्या पुण्याचे उदाहरण पाहा. २०१८ च्या राहणीमान सुलभता निर्देशांकात पुणे १११ शहरांत पहिले आले. २०२० च्या निर्देशांकात नागरिकांच्या मताला ३० टक्के वजन मिळाले, हे योग्यच झाले. रस्ते, पाणी, हवा यंत्रांना मोजता येते. एकटेपणा माणसालाच विचारावा लागतो.

पण विचारायचे कोणाला? आपल्या एखाद्या आजींना इंग्रजी फॉर्म समजत नाही. समजला तरी "बरं चाललंय" हे त्यांचे ठरलेले उत्तर. त्यामागचे दुःख कुठल्याच रकान्यात बसत नाही. आणि जो मोजला जात नाही, त्याच्यासाठी बजेटमध्ये तरतूदही सहसा होत नाही.

म्हणून मोजणीला नावे ठेवण्यापेक्षा दोन गोष्टी आपण कराव्यात असे मला वाटते. पाहणीचा फॉर्म आला तर तो भरावा, ज्येष्ठांना भरायला मदत करावी. आणि जे आकड्यात येत नाही त्याची विचारपूस आपणच करावी. कौन्सिल सरासरी पाहते. शेजाऱ्याने माणूस पाहावा. आरतीला कोण आले नाही, हे ज्या समाजाच्या लक्षात येते, त्याला सुखाची मोजपट्टी सापडली असे मी म्हणेन.

गणपती बाप्पा मोरया!