पाकळी पडेपर्यंत



पुजारी पाण्यात भिजविलेल्या पाकळ्या देवीच्या मूर्तीवर नेमलेल्या जागी चिकटवितो, गाऱ्हाणे घालतो, आणि समोर बसलेल्या कुटुंबाचे डोळे त्या ओल्या पाकळ्यांवर खिळतात. उजवीकडची आधी सुटली तर होकार, डावीकडची सुटली तर नकार. सोयरीक, घरबांधणी, जमिनीचा तंटा, परदेशी गेलेल्या मुलाची खुशाली. आमच्या डिचोली-पेडण्याकडे देवापुढे न मांडला जाणारा विषय विरळा. कधी पाकळी क्षणात पडते, कधी घटकाभर हालत नाही. त्या घटकेत माणसाच्या मनाचे काय होते, याविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे.

अशा वेळी “काय व्हायचे ते होवो, पण एकदाचे कळू दे” असे उद्गार आम्ही पुष्कळदा ऐकले आहेत. विचार केला तर हे विलक्षण आहे. मनुष्य अशुभ वार्ता सोसण्यास सिद्ध असतो, पण वार्ताच नसणे त्यास सोसवत नाही. आरी क्रुग्लान्स्की या मानसशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात मनाच्या या ओढीविषयी लिहिताना तिच्या दोन चाली सांगितल्या. हाती येईल ते पहिले उत्तर मन झडप घालून धरते, आणि धरलेले मग गोठवून टाकते. पुढे विरुद्ध पुरावा आला तरी सोडीत नाही. हे वाचताना आम्हांस आमच्याच गावाची आठवण झाली.

पाळी-वेळग्याच्या परिसरात खाण हा नुसता धंदा नव्हता, तिच्यावर घरोघरची चूल पेटत होती. सन २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षास दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली; ७ फेब्रुवारी २०१८ रोजी त्याच न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले, आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सारे थांबले. प्रत्येक सुनावणीस नवी अफवा उठे. बँकेचे हप्ते चालू आणि ट्रक अंगणात उभे, अशी स्थिती. त्या दिवसांत एका गृहस्थांनी एकच प्रश्न तीन देवळांत लाविला. पहिल्या दोन ठिकाणी पाकळी डावी पडली, तिसऱ्या ठिकाणी उजवी. तिसऱ्या कौलावर भिस्त ठेवून त्यांनी आणखी कर्ज काढले, ट्रकाची डागडुजी केली, आणि तो ट्रक अंगणातच गंजला. त्यांस हसण्याचा आम्हांस अधिकार नाही. घरात खाणारी पाच तोंडे असती तर आम्हीही चौथे देऊळ शोधले असते. परंतु देवीने त्यांस फसविले असे जे पुढे बोलले गेले, ते आम्हांस मान्य नाही.

कौल हा शब्द मूळचा अरबी. त्याचा अर्थ बोल, दिलेला शब्द. मराठेशाहीच्या कागदपत्रांत कौल, कौलनामा हे शब्द येतात ते रयतेस दिलेल्या अभयाच्या अर्थाने. ओस पडलेल्या गावी कुळे परत यावीत म्हणून सरकार कौल देई: या, जमीन कसा, सारा ठरल्याप्रमाणे घेऊ, उपद्रव लागू देणार नाही. यंदा पाऊस किती पडेल हे त्या कागदात लिहिलेले नसे, आणि रयत ते विचारीतही नसे. शब्द मिळाला की नांगर धरी. देवाचा कौल आम्ही याच अर्थाने घेतो. पाऊल उचल, मी पाठीशी आहे. किंवा आज थांब. उजवे पडेपर्यंत विचारीत राहणाराचा निर्णय बहुधा आधीच झालेला असतो, त्यास फक्त त्यावर शिक्का हवा असतो.

गीतेत अर्जुन दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या अध्यायात, असे तीनदा, जवळजवळ एकच मागणे मागतो: निश्चित असे एक काय ते सांग. अकराव्या अध्यायात तर त्यास युद्धाचा निकालच दाखविला जातो. वाटावे की आता संशय संपला. पण ते पाहून अर्जुन धनुष्य उचलीत नाही. थरथर कापतो आणि हे रूप आवर म्हणून विनवितो. अठराव्या अध्यायात भगवंत त्यास सांगतात की, या सर्वाचा पुरता विचार कर आणि मग तुझ्या इच्छेस येईल तसे कर. त्यानंतर तो म्हणतो की, माझा संशय गेला. आम्हांस या क्रमाचे नेहमी नवल वाटते.

आमच्या परिचयाच्या एका माउलीचा पुत्र जहाजावर नोकरीस गेला तो परतला नाही. देह मिळाला नाही, वार्ताही नाही. वर्षानुवर्षे ती कौलात विचारी, तो आहे की नाही. कधी उजवे पडे, कधी डावे, आणि दोन्ही दिवशी ती उपाशीच निजे. बारा वर्षे लोटल्यावर तिने प्रश्न बदलला: त्याचे कार्य करू का? पाकळी लगेच उजवी पडली.

अशांसाठी धर्मशास्त्रात पालाशविधी आहे. पळसाच्या ३६० देठांची मनुष्याकृती करून तिचा दाह करावयाचा आणि पुढील क्रिया यथासांग करावयाच्या. देशांतरी गेलेल्याची वार्ता नसेल तर सामान्यतः बारा वर्षे थांबावे. पित्यासाठी काही ग्रंथकार पंधरा सांगतात. तो मेलाच, असे सिद्ध करून दाखवा, ही अट शास्त्राने घातलेली नाही. मागे राहिलेल्यांनी किती काळ दाराकडे पाहत बसावे, याची मात्र मर्यादा घातली.

सर्व ऐकून माउलीने भटजींस विचारले, “आणि आला तर?”

त्याचेही विधान आहे. विधी झाल्यावर तो जिवंत परतला तर त्यास तुपाच्या कुंभात बसवून स्नान घालावे, नवजात बालकाप्रमाणे जातकर्मापासून त्याचे सर्व संस्कार पुन्हा करावेत, आणि पत्नीशी त्याचा विवाहही पुन्हा लावावा. भटजींनी हे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली.

मग म्हणाली, “तूप घरचेच आहे.”