करून देणे आणि करू देणे

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी माझ्या मुलीच्या बालवर्गात एक लहानसे प्रदर्शन भरले होते. दारावर 'चिमुकल्या हातांची किमया' असा फलक होता. आत भिंतीवर तीस-बत्तीस कागदी मोर ओळीने लावलेले होते. सारे एका मापाचे, एका रंगाचे, एकाच दिशेला मान वळवून बसलेले. आम्हां पालकांची त्यांच्यासमोर छायाचित्रे काढण्याची धांदल चालली होती. मी मुलीला विचारले, "यांतला तुझा मोर कोणता?" तिने थोडा वेळ भिंतीकडे पाहिले आणि शांतपणे म्हटले, "मी नुसता डोळा चिकटवला." तो डोळा कोणत्या मोराचा, हे मात्र तिला ओळखता येईना.

बाईंना हसण्याचा मला अधिकार नव्हता. त्याच प्रदर्शनासाठी प्रत्येक मुलाने घरून मातीची एक पणती करून आणायची होती. मुलीने सायंकाळभर खपून ती केली होती. एका बाजूला कललेली, काठावर बोटांचे ठसे उमटलेली, वात ठेवायची चोच जवळजवळ नसलेली अशी ती पणती होती. ती निजल्यावर मी ओल्या बोटाने तिचा काठ सारखा केला. मग चोच काढली. मग तळ बसवला. अर्ध्या तासाने माझ्यासमोर एक सुबक पणती होती. सकाळी मुलीने ती हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारले, "बाबा, माझी कुठे आहे?"

चार वर्षांच्या मुलीच्या त्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर अजूनही पुरते नाही. माती तीच होती, वजनही तेच. तिच्या पणतीतून मी काढून घेतले असेल तर केवळ दोष काढून घेतले होते. मग तिचे असे काय हरवले?

मराठीत 'करून देणे' आणि 'करू देणे' यांत एका अक्षराचे अंतर आहे. पहिल्यात आपण दुसऱ्याला एक वस्तू देतो. दुसऱ्यात कृतीच देतो. पहिले दान सर्वांना दिसते, त्याबद्दल आभारही मानले जातात. दुसरे दिसत नाही. कारण ते देणारा वरवर पाहता काहीच करीत नसतो. तो आपला हात मागे घेत असतो एवढेच. म्हणूनच की काय, उदार म्हणवणाऱ्या माणसांनाही पहिले सोपे जाते आणि दुसरे जड.

मुलाने स्वतःच्या हाताने करून शिकावे, हा विचार काही आजचा नाही. जर्मनीत फ्रेबेलने आपल्या बालशाळेला 1840 मध्ये 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग हे नाव दिले, तेव्हा त्याने मुलांच्या हाती पुस्तक न देता लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे दिले होते. 1907 च्या जानेवारीत रोममधील एका गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसोरीबाईंनी आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साहित्यातील एक वस्तू मला नैतिक दृष्ट्या फार अर्थपूर्ण वाटते. एका लाकडी ओंडक्यात ओळीने दहा खळगे असतात आणि त्यांत बसणारे दहा दट्टे. मुलाने दट्टे काढायचे, मिसळायचे आणि पुन्हा जागच्या जागी बसवायचे. एखादा बारीक दट्टा मोठ्या खळग्यात गेला, तर शेवटी एक दट्टा हातात उरतो आणि त्याला कुठेच जागा नसते. मूल थबकते, सारे पुन्हा काढते, पुन्हा बसवते. चूक झाली हे त्याला लाकूड सांगते, माणूस सांगत नाही. म्हणून त्या चुकीत अपमान नसतो. मोठ्या माणसाने दाखवलेली चूक आणि वस्तूने दाखवलेली चूक यांतला हा फरक ज्याने कचेरीत नोकरी केली आहे, त्याला अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

आमच्या कचेरीत मला दोन प्रकारचे वरिष्ठ लाभले. एकजण माझा मसुदा पाहताच बाजूला सारीत आणि स्वतः नवा लिहीत. तो माझ्याहून चांगला असे, हे मी नाकारीत नाही. परंतु त्यांच्या हाताखाली मी तीन वर्षे काढली आणि तीन वर्षांनीही मला मसुदा लिहिता येत नव्हता. पुढे पुढे तर मनापासून लिहावासाही वाटेना. दुसरे वरिष्ठ समासात एक रेघ ओढून कागद परत पाठवीत. काय चुकले ते मीच शोधायचे. त्या रेघेचा मला राग येई. परंतु आज मला जे काही लिहिता येते ते त्या रेघेमुळे. पहिल्या वरिष्ठांनी माझे काम हलके केले, दुसऱ्यांनी ते माझे राहू दिले.

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला माझ्या पत्नीचा. सकाळी सव्वाआठची बस गाठायची असताना मुलीने सदऱ्याच्या सहा गुंड्या स्वतः लावाव्यात हे तत्त्वज्ञान कोणाला परवडते? आक्षेप खरा आहे. चाळीस मुले आणि एक शिक्षिका असलेल्या वर्गात तर तो अधिकच खरा आहे. करू देण्याला वेळ लागतो आणि वेळ ही निर्धन माणसाजवळ धनापेक्षाही कमी असणारी वस्तू आहे. मोर तयार करून देणाऱ्या बाईंचा दोष म्हणूनच मी अर्धाच मानतो. उरलेला अर्धा भिंतीसमोर छायाचित्रे काढणाऱ्या आम्हां पालकांचा आहे.

दुसरा आक्षेप असा की, हात मागे घेणे म्हणजे जबाबदारी टाळणे. परंतु करू देणे म्हणजे सोडून देणे नव्हे. मुलाला उचलेल एवढाच पाण्याचा तांब्या, हात पोचेल एवढीच फळी, बसता येईल एवढेच आसन, हे सारे आधी कोणीतरी विचारपूर्वक मांडून ठेवावे लागते. आपल्याकडे याचा वस्तुपाठ ताराबाई मोडकांनी घालून दिला. मराठी मुलखाबाहेर, भावनगरला, गिजुभाई बधेकांनी 1920 मध्ये सुरू केलेल्या बालमंदिरात त्यांनी काम केले. पुढे 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. तेथील आदिवासी मुलांचे हात रिकामे नव्हतेच. ती गुरे राखीत, धाकटी भावंडे सांभाळीत. त्यांच्या हातांना काम होते, खेळ नव्हता. तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात आणि गुरांमागे कुरणात गेली, आणि महाग साहित्याच्या जागी बिया, शिंपले, पाने आणि माती आली. एवढी पायपीट करणाऱ्याला जबाबदारी टाळणारा कोण म्हणेल?

2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळातून व कृतीतून शिकवावे असे म्हटले. 2023 मध्ये त्यासाठी खेळणी, कोडी, बाहुल्या यांची 'जादुई पिटारा' नावाची पेटीही निघाली. सरकारी नोकर या नात्याने मला एवढे ठाऊक आहे की, पेटी पाठवण्याचा आदेश काढता येतो. पेटी उघडल्यावर मोठ्यांनी आपले हात आवरावेत, असा आदेश काढता येत नाही.

कारण ते आवरणे आपल्या स्वभावाच्या विरुद्ध आहे. फळावर डोळा न ठेवता कर्म करावे, हा उपदेश आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. लहान मूल तो न ऐकताच आचरते. ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतते, मग पुन्हा पहिल्यात ओतते. त्याला भांडे भरायचे नसते, ओतायचे असते. फळाची ओढ असते ती आपल्याला. पणती सुबक हवी होती ती मला, कारण प्रदर्शनात तिच्याखाली माझ्या मुलीचे नाव लागणार होते आणि त्या नावात माझे नाव होते. प्रेमाच्या पोटी मी तिची पणती सुधारली असे मी स्वतःला सांगितले. त्या प्रेमात माझा अभिमान किती मिसळलेला होता, ते तिच्या एका प्रश्नाने उघडे पडले. तापल्या तव्याकडे जाणारा तिचा हात मी आजही धरीन आणि धरलाच पाहिजे. परंतु जेथे तिच्या चुकीने माझा वेळ किंवा माझी प्रतिष्ठा यापलीकडे काही जळणार नाही, तेथे तिचा हात धरण्याचा मला काय अधिकार?

दिवाळीच्या पहिल्या संध्याकाळी तिने उरलेल्या मातीची दुसरी पणती केली होती. ती आमच्या क्वार्टरच्या कठड्यावर मांडली. पहिलीसारखीच ती एका बाजूला कललेली होती. कच्च्या मातीने तेल पिण्यास आरंभ केला, आणि उरलेले कललेल्या बाजूने ओघळू लागले. माझा हात पुढे झाला. तो मी सदऱ्याच्या खिशात घातला. तिने अंगणातून एक खडा आणला, पणतीखाली सरकवला, काढला, पुन्हा दुसऱ्या बाजूने सरकवला. ज्योत फार तर दहा मिनिटे टिकली असेल. तेवढा वेळ आम्ही दोघे तिच्याकडे पाहत उभे होतो, आणि ती पणती कोणाची असे मला कोणी विचारले नाही.