बर्फात रुतलेली काठी

मालिकांवरून निघालेल्या व्हिडिओ गेमविषयी हल्ली जे लिहिलं जातं, त्यात एक वाक्य हमखास येतं: मालिका पाहणारा नुसता बसून असतो, खेळणारा मात्र गोष्टीत उतरून निर्णय घेतो. हे किती सहज मान्य झालंय, याचं मला वाईट वाटतं. असे गेम म्हणजे निव्वळ धंदा, हा आक्षेप खरा असला तरी त्यातून कळत काहीच नाही. आणि आख्यानापासून सिनेमापर्यंत गोष्टी घरं बदलत आल्या, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे.

नव्वदच्या दशकात रावेरला आम्ही रविवारी दूरदर्शनवर हिंदीतली ‘डक टेल्स’ पाहायचो. बसून असायचो? एकजण गच्चीवर अँटेना फिरवायचा, दुसरा खिडकीतून ‘आलं, आलं’ म्हणून ओरडायचा. ऐन रंगात वीज गेली की मालिकेतल्या म्हाताऱ्या अंकल स्क्रूजचं पुढे काय झालं, ते आम्ही ओट्यावर बसून लेवा बोलीत पुरं करायचो. प्रत्येकाचा शेवट निराळा. त्यावर भांडणं व्हायची, एखादा शेवट सगळ्यांना पटायचा, एखादा हाणून पाडला जायचा. याला निर्णय म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

कॅपकॉमनं या मालिकेवरचा गेम १९८९ मध्ये काढला. आमच्यापर्यंत तो बऱ्याच वर्षांनी आला, टीव्हीला जोडायच्या स्वस्त यंत्राच्या कॅसेटमधून. ॲमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र अशा पाच मोहिमा, कोणत्याही क्रमानं खेळा. निर्णयवाले इथेच बोट ठेवतील. पण क्रम निवडण्याचं अप्रूप आठवडाभर टिकलं. शिवाय खेळ जिथवर आला तिथवर जपून ठेवायची सोय त्यात नव्हती. मालिका अर्धी राहिली की उरलेली आमची व्हायची. गेम अर्धा राहिला की उरायचं काहीच नाही, पुन्हा पहिल्यापासून. मोकळीक मोजायचीच तर ती पाहण्यात जास्त होती.

नव्या गेममध्ये निवडीला खरोखर वजन असेलही, ते मी नाकारत नाही. पण निवड हाच गेमचा प्राण, हे मला मान्य नाही. निवड आणि सराव या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि गेम मालिकेत जी भर घालतो ती सरावाची. निवड गोष्टीला फाटे फोडते. सराव गोष्ट अंगात मुरवतो.

स्क्रूज कष्टानं श्रीमंत झाला, हे मालिकेनं सांगितलं होतं आणि आम्ही ते ऐकून घेतलं होतं. गेममध्ये त्याच्या हातातली काठी उसळी घ्यायचं साधन झाली. तिच्यावर उड्या मारत एकेक हिरा गोळा करताना त्या कष्टाचा ताल बोटांना कळला. हिमालयात मात्र तीच उडी मारली की काठी बर्फात रुतायची आणि म्हातारा अडकायचा. ही अडचण कुणी समजावून दिली नव्हती. दहा-वीसदा अडकल्यावर ती हातालाच समजली.

मे महिन्यात रावेरचा पारा पंचेचाळीसला टेकतो. बाहेर केळीच्या बागांना झळा लागत असताना, बर्फ कधीही न पाहिलेल्या आम्हा पोरांचा अंगठा हिमालय आला की बटणावरून आपोआप उचलला जायचा.