आभाळातली घुसळण

धाराशिव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला जुलै-ऑगस्टमधली उघाड चांगली ठाऊक आहे. पश्चिमेकडून ढग येतात, सोयाबीनवर सावली धरतात आणि न बरसताच बालाघाट ओलांडून जातात. सह्याद्रीने पाणी आधीच उतरवून घेतलेलं असतं, हे शाळेतलं उत्तर खरं, पण अपुरं. उरलेल्या ढगांतही पाणी असतंच. ते खाली का येत नाही?

कारण हवेतल्या खळबळीमुळे ढगाच्या कडेने कोरडी हवा सतत आत शिरत असते आणि तिच्यात बारीक थेंब विरून जातात. गंमत अशी, की हीच खळबळ ढगाच्या गाभ्यात थेंबांच्या टकरी वाढवते आणि ते एकमेकांत मिसळून पावसाएवढे होतात. मारणारी आणि तारणारी घुसळण एकच! कुठली बाजू वरचढ ठरते, त्यावर रानातली ओल ठरते.

ही घुसळण रडारला कळते. डॉप्लर रडारच्या लहरी थेंबांवरून परततात, तेव्हा थेंबांचा वेग सांगतात. एकाच ठिकाणचे थेंब निरनिराळ्या वेगाने धावत असतील, तर वेगांचा पसारा वाढतो. खळबळीचा अंदाज त्यावरून बांधतात. तिरुपतीजवळच्या गादंकीचं ५३ मेगाहर्ट्झचं रडार तर निरभ्र हवेतूनही संकेत टिपतं. पावसाळ्यात तिथे सुमारे १६ किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून वेगवान झोत वाहतो. त्याच्या खाली-वर वाऱ्याचा वेग झपाट्याने बदलतो आणि तिथली हवा ढवळून निघते.

धाराशिवच्या जमिनीलगतही ऋतू बदलला की घुसळण बदलते. एप्रिल-मेमध्ये काळी रानं तापतात, दुपारी वावटळी उठतात, कधी वळीव कोसळतो. हिवाळ्याच्या रात्री जमीन निवते, थंड हवेचा थर खाली बसतो आणि पहाटे वारा पडलेला असतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात शेजारच्या सोलापुरात 'कायपीक्स' या कृत्रिम पावसाच्या प्रयोगाचा चौथा टप्पा राबवला. सी-बँड रडार आणि विमानांच्या मदतीने २७६ ढग अभ्यासले. त्यांपैकी काहींतच, चिठ्ठी टाकावी तशा यादृच्छिक निवडीने, क्षारकण सोडले. २०२३मध्ये निष्कर्ष आले: वाऱ्याच्या दिशेने पुढच्या १०० चौरस किलोमीटरमध्ये पाऊस सरासरी १८ टक्के वाढला. लोकांच्या लक्षात हा आकडा राहतो. पण क्षारकण ढग निर्माण करत नाहीत. योग्य ढग योग्य वेळी सापडला, तरच ते उपयोगी पडतात. म्हणून फवारणीचं विमान बोलावण्याआधी हवेची ओळख हवी.

जिल्ह्यात महसूल मंडळनिहाय पावसाचे मिलिमीटर मोजले जातात आणि दुष्काळाची चर्चा त्याच आकड्यांवर रंगते. तेवढ्याने भागणार नाही. तुळजापूर किंवा भूम परिसरात, बालाघाटच्या माथ्यावर, वारा आणि त्यातली खळबळ बारा महिने मोजणारं रडार असावं, आणि कृत्रिम पावसावर पैसा खर्च करण्याआधी शासनाने त्याच्या निदान दोन-तीन वर्षांच्या नोंदी पाहाव्यात.