दानाचं घर

वॉशिंग्टन राज्यातल्या आमच्या बेलव्ह्यूत परवडणाऱ्या घरांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "मालवाहू कंटेनर ठेवा की!" मला मग एकच प्रश्न पडतो: दुसऱ्याला पुरेसं म्हणून जे देतो, त्यात मी स्वतः राहीन का?

40 फुटी कंटेनर म्हणजे 320 चौरस फूट. माझे आजोबा वरळीच्या बीडीडी चाळीत 160 चौरस फुटांत सात माणसांचा संसार करत. त्यामुळे जागा लहान ही माझी तक्रार नाहीच. पण चाळीत सगळ्यांचा मिळून पॅसेज होता, दार दिवसभर उघडं असे. कंटेनर माणसांसाठी बनलेलाच नाही. खिडकीसाठी पत्रा कापला की सांगाडा कमकुवत होतो, पोलादी चौकट जोडावी लागते. तळाच्या प्लायवुडला बहुधा कीटकनाशक पाजलेलं असतं. आणि आमच्या इथल्या ओल्या हिवाळ्यात अस्तर नसेल तर आतल्या पत्र्याला पाणी सुटतं, अंथरूण दमट होतं.

वाहतूक उद्योजक मालकम मॅक्लीनचं कंटेनर वाहणारं पहिलं जहाज 1956च्या एप्रिलमध्ये निघालं. त्याच वर्षी डिसेंबरात गाडगेबाबा गेले. पंढरपूर, नाशिक, मुंबईत त्यांनी धर्मशाळा उभारल्या, स्वतःसाठी घर बांधलं नाही. उरलंसुरलं देणं म्हणजे दान नव्हे, हे मी त्यांच्याकडून घेते.

2023च्या कायद्याने वॉशिंग्टन राज्यातल्या शहरांना एका प्लॉटवर मुख्य घराखेरीज दोन छोट्या पूरक घरांना वाव देणं भाग पडलं. अंगण असलेल्या मराठी मंडळींनो, कंटेनर जरूर आणा; पण अस्तर, खिडक्या आणि ओटा यांचे पैसे आधी बाजूला काढा.